खुर्चीची भूक

१९५० च्या दशकात लंडन ट्रान्सपोर्टच्या गणवेश खात्यात बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या कमरेची मापं लिहून ठेवलेली असायची. पँटी द्यायच्या तर मापं लागणारच. शिंप्याचं काम झालं की त्या नोंदींकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. जेरी मॉरिस या डॉक्टरांना मात्र त्या नोंदी हव्या होत्या.

मॉरिस आधीपासूनच बसवाल्यांच्या मागे लागलेले होते. लंडनच्या डबलडेकरमध्ये दोन माणसं सोबत काम करत. दोघंही साधारण एकाच थरातले, एकाच मालकाकडे नोकरीला. त्यातला एक सगळी पाळी स्टिअरिंगपाशी बसून काढायचा आणि दुसरा तिकिटं फाडत वर-खाली करायचा, दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या नोंदी चाळून मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झाला तर उशिरा होतो आणि त्यात तडकाफडकी दगावणारेही कमी असतात. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा तो बऱ्याच डॉक्टरांच्या पचनी पडला नव्हता.

मग १९५६ मध्ये पँटींची पाळी आली. ड्रायव्हरांच्या पँटी कंडक्टरांच्या पँटींपेक्षा कमरेला रुंद निघाल्या. पण इथे एक मेख होती. तरुण ड्रायव्हरांच्या कमराही रुंदच होत्या. म्हणजे खुर्चीने माणूस जाडा केला, की जाडसर माणसानेच खुर्चीची नोकरी धरली? ही शंका रास्त होती आणि तिच्यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. मॉरिस यांनी नंतर सारख्याच कमरेचे ड्रायव्हर आणि कंडक्टर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सडपातळ घ्या, मध्यम घ्या, नाहीतर ढेरपोटे घ्या, अचानक मृत्यूचा धोका कंडक्टरांनाच कमी होता. कमरेचा हिशेब वेगळा आणि हृदयाचा वेगळा. काटा जागचा हलत नाही म्हणून जिने चढणं सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

(मुंबईत बेस्टच्या डबलडेकर १९३७ पासून धावत होत्या आणि जुन्या बनावटीची शेवटची गाडी २०२३ च्या सप्टेंबरात निघून गेली. तिकिटाचा पंच टिकटिकवत, हेलकावणाऱ्या जिन्यावरून एका हाताने दांडा धरून चढणारा कंडक्टर ज्यांनी पाहिलाय, त्यांना लंडनची ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.)

आता खरी नवलाची गोष्ट. याच १९५६ साली आणखी एक शोधनिबंध छापून आला आणि तो आपल्याकडचा होता. कोलकात्याच्या नैऋत्येला हुगळीच्या काठावर चेंगाइल नावाचं गाव आहे. तिथल्या तागाच्या गिरणीत ज्याँ मेयर हे मूळचे फ्रेंच, पण अमेरिकेत हार्वर्डला असलेले आहारशास्त्रज्ञ रॉय आणि मित्रा या सहकाऱ्यांसह आले. त्यांना एकच साधी गोष्ट बघायची होती. अंगमेहनत, खाणं आणि वजन यांचं एकमेकांशी नातं काय?

त्यासाठी गिरणीसारखी जागा नाही. एकाच आवारात जगातली सगळी कामं सापडतात. पाठीवर तागाचे गठ्ठे वाहणारे हमाल होते, भट्टीपाशी कोळसा ओढणारे होते, लोहार होते, विणकर होते. मग ड्रायव्हर, मिस्त्री आणि कारकून. मुकादम आणि देखरेख करणारे. आणि दुकान मांडून दिवसभर गल्ल्यावर बसून राहणारे दुकानदार. एकूण २१३ पुरुष. कोण किती खातो, किती राबतो आणि किती भरतो, हे सगळं नोंदवलं गेलं.

तुमचा-आमचा अंदाज काय असता? जास्त राबेल तो जास्त खाईल आणि बसून राहील तो कमी खाईल. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत अगदी तसंच दिसलं. काम वाढलं तसं खाणं वाढलं आणि वजन साधारण तेवढंच राहिलं. शरीराने जमा-खर्च चोख सांभाळला होता. आलेख छान सरळ वर चढत होता.

मात्र बसून काम करणाऱ्यांपाशी येऊन तो आलेख वळला, आणि वळला तो चुकीच्या दिशेला. सगळ्यात कमी हालचाल करणारे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा कमी खात नव्हते, जास्त खात होते. काहींचं खाणं तर हमालांच्या तोडीचं होतं. साहजिकच त्यांची वजनं सगळ्यात जास्त होती. मेयर यांनी दोन वर्षं आधी उंदरांवरही असाच प्रयोग केला होता. रोज थोडा वेळ पळवलेले उंदीर, अजिबात न पळवलेल्या उंदरांपेक्षा कमी खात होते.

मला हा आलेख विज्ञानातल्या फार थोर चित्रांपैकी एक वाटतो. आपण धरून चालतो, की भूक म्हणजे खर्च झालेल्या उष्मांकांची वसुली. चेंगाइलच्या गिरणीने दाखवलं, की हे हालचालीच्या एका पातळीच्या वरच खरं असतं. जुन्या पंख्याचा तो गोल, खटक्यांचा रेग्युलेटर आठवा. पाचवरून चार, चारवरून तीन, तिथवर पंखा इमानेइतबारे ऐकतो. एकच्या खाली मात्र बटण नुसतं सैल फिरतं, पंखा आपल्याच मर्जीने घरघरत राहतो. बसून राहणाऱ्याची भूक अशी सैल सुटलेली असते. काम थांबलं हे तिला कळतच नाही.

आता याला फाटे फोडता येतात आणि फोडलेच पाहिजेत. गल्ल्यावरचा दुकानदार हमालापेक्षा चार पैसे बाळगून असणार. त्याला परवडतं आणि खायला वेळही असतो. शिवाय ही एका वेळी घेतलेली नोंद आहे. त्याच माणसाला खुर्चीवरून उठवून हमाल केलं तर काय होतं, हे तिथे पाहिलेलं नाही. पण २०१५ मध्ये अमेरिकेत ४२१ तरुण माणसांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं लावून हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, आणि जवळपास तीच वळलेली रेघ समोर आली. सगळ्यात कमी हलणारे कमी खात नव्हते आणि त्यांचीच चरबी जास्त वाढत होती. खाणं आणि खर्च यांचा मेळ बसू लागतो ती पातळी या अभ्यासात दिवसाला सुमारे सात हजार पावलांची निघाली.

सात हजार. हा आकडा घेऊन हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या एखाद्या ऑफिसात डोकावा. घराच्या पार्किंगमधून गाडीत, गाडीतून ऑफिसच्या पार्किंगमध्ये, तिथून लिफ्ट, मग खुर्ची. पँट्री पंचवीस पावलांवर, वॉशरूम तीसवर. जेवणही टेबलावरच मागवता येतं. लोकल बदलत, दादरचा पूल चढत-उतरत येणाऱ्या माणसाची निम्मी पावलं ऑफिसात शिरण्याआधीच झालेली असतात आणि त्याचं श्रेय तो गर्दीला कधीच देत नाही. घरून काम करणाऱ्याची तर बातच सोडा. त्याचं ऑफिस पलंगापासून चार पावलांवर असतं.

अशा ऑफिसात दर जानेवारीला एचआरची मेल येते, ‘वेट लॉस चॅलेंज’. बारा आठवडे, गट पाडायचे, सोमवारी वजन, शेवटी बक्षीस. पहिल्या सोमवारी चमत्कार होतो. कुणाचं दीड किलो उतरलेलं असतं, कुणाचं दोन. टाळ्या पडतात.

त्या दीड-दोन किलोंत चरबी फार थोडी असते. आपल्या यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी कमी केली की हा साठा आधी वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणी निघून जातं. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी खरी चरबी जायला लागलेली असते, पण ती हळू जाते, म्हणून काटा रुसल्यासारखा वाटतो. लोक गळतात ते इथेच. उलटही तेवढंच खरं. शनिवारी कुणाच्या लग्नात जेवलं आणि सोमवारी दीड किलो वाढलेलं दिसलं, तर ते पाणी आहे, मीठ आहे आणि पोटातलं अन्न आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. एका पंगतीत एवढं जास्तीचं चापणं जुन्या काळच्या पैज लावून जेवणाऱ्यांनाही जड गेलं असतं.

आणि चरबी जाते म्हणजे कुठे जाते? हा प्रश्न रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि जिममधले प्रशिक्षक अशा दीडशे जणांना विचारला. बहुतेकांनी सांगितलं, तिची ऊर्जा होते, उष्णता होते. काहींनी सांगितलं, घाम होतो. काहींना तिचे स्नायू होतात असं वाटत होतं. पण शरीरात वस्तुमान असं नाहीसं होत नाही, अणू कुठेतरी जावेच लागतात. २०१४ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोघांनी त्याचा हिशेब मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जळली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर पडते. उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. आणि एवढं जाळायला २९ किलो प्राणवायू आत घ्यावा लागतो.

म्हणजे वजन नाकावाटे उतरतं! सोमवारी काट्यावर चरबीचं जे वजन कमी दिसतं, ते बहुतेक आठवडाभर मीटिंगमध्ये, लोकलमध्ये, झोपेत थोडं थोडं श्वासातून गेलेलं असतं. शांत बसलेल्या माणसाच्या एका श्वासाबरोबर जेमतेम नऊ मिलिग्रॅम कार्बन निघतो. दिवसभराचा गोळा केला तर सुमारे दोनशे ग्रॅम. एक तास बसण्याऐवजी पळलात तर त्यात चाळीसेक ग्रॅमची भर पडते. आणि शंभर ग्रॅमचा एक मफिन खाल्लात की ही जादाची कमाई फिटते. मग मीटिंगमध्ये मोठमोठे सुस्कारे टाकून भागेल का? नाही. चरबी आधी पेशींमध्ये जळावी लागते, श्वास फक्त तिची राख बाहेर काढतो. नुसते सुस्कारे टाकले तर चक्कर येईल आणि साहेब विचारील ते वेगळंच. ऑफिसच्या खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे मात्र मी हल्ली जरा वेगळ्या नजरेने बघतो. त्याच्या बुंध्यात अकाउंट्स विभागाचा थोडाफार कार्बन नक्की असणार.

मग वेगवेगळ्या माणसांत एवढा फरक का पडतो? शेजारच्या टेबलावरचा मुलगा रोज समोसा हाणतो आणि काटकीसारखा राहतो, हे दुःख सार्वत्रिक आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हाइन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा एक हजार उष्मांक जास्त खाऊ घातले आणि व्यायाम वाढवू दिला नाही. एकाची चरबी ०.३६ किलोने वाढली, एकाची ४.२३ किलोने. अन्न सारखंच जास्त होतं. फरक पडला तो ज्याला कुणी व्यायाम म्हणत नाही अशा हालचालींनी. उठणं, उभं राहणं, फोनवर बोलत येरझारा घालणं, पाय हलवणं. खाणं वाढल्यावर काहींची ही चुळबुळ आपोआप दिवसाला जवळजवळ सातशे उष्मांकांनी वाढली. काहींची वाढलीच नाही, एखाद्याची तर किंचित कमी झाली. पुढे २००५ मध्ये याच गटाने अंगातल्या कपड्यांत संवेदक बसवून पाहिलं, तेव्हा लठ्ठ गट सडपातळ गटापेक्षा रोज सुमारे दोन तास जास्त बसून असल्याचं दिसलं. लठ्ठांचं वजन कमी करून आणि सडपातळांचं वाढवून पाहिलं, तरी कोण किती बसतो यात फरक पडला नाही. चुळबुळ हा बहुधा उपजत स्वभाव असतो. ‘पाय हलवू नकोस, दारिद्र्य येतं’ म्हणून आपल्या आज्यांनी किती पोरांचे उष्मांक अडवले असतील कोण जाणे.

ज्याच्या अंगात ही चुळबुळ मुळातच कमी आहे, त्याच्यासाठी जागेच्या रचनेने ती करायला लावणं हाच मार्ग मला दिसतो. प्रिंटर लांब असावा, पाण्याचं पिंप दुसऱ्या टोकाला असावं, दोन मजल्यांसाठी लिफ्ट थांबू नये. इच्छाशक्तीवर माझा फारसा विश्वास नाही. कंडक्टरनेही काही संकल्प करून पायऱ्या मोजल्या नव्हत्या. प्रवासी वर बसले होते म्हणून त्याला वर जावं लागलं.

खाण्याचंही तसंच. केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना महिनाभर संशोधन रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. दोन्हींत साखर, मेद आणि चोथा यांचं प्रमाण सारखंच ठेवलेलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटबंद पदार्थांवर माणसं रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं. पँट्रीतल्या क्रीमच्या बिस्किटांची बरणी इथे आठवावी. घरच्या डब्याचं मोठेपण मला याच्या शेजारी दिसतं. किती खायचं हे सकाळीच ठरलेलं असतं, तेही भूक लागायच्या आधी. दुपारी साडेबारा-एकला सैल सुटलेल्या भुकेला वाटाघाटी करायला जागाच उरत नाही. चहाचं तेवढं बघावं. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे आठ चमचे साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना जास्तीची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण सहा चमच्यांत ठेवा म्हणते.

एचआरच्या मेलबद्दल एक कटू गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांच्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने, दोन वाटण्या केल्या आणि एकाच गटाला आरोग्य कार्यक्रम दिला. घाऊक मालाच्या दुकानांच्या एका अमेरिकी साखळीत तर १६० ठिकाणचे सुमारे ३३ हजार कर्मचारी घेऊन असाच प्रयोग झाला. दोन्हींचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दुकानांमध्ये जिथे कार्यक्रम दिला, तिथले लोक ‘आम्ही व्यायाम करतो, वजन सांभाळतो’ असं जास्त सांगत होते. दीड वर्षानंतर वजन, रक्तदाब, साखर यांत मात्र धडपणे काही फरक सापडला नाही. इलिनॉयमध्ये कार्यक्रमात हौसेने उतरलेले लोक आधीपासूनच जास्त धडधाकट असल्याचं दिसलं. तुमच्या ऑफिसातल्या विजेत्यांची यादी डोळ्यांपुढे आणा.

किलोंची ही शर्यत आपल्याकडे आणखी एका कारणाने फसवी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं बरोबरीत, आतून दुपटीहून जास्त फरक. आपली चरबी पोटात दडते, म्हणून भारतीयांसाठी कमरेची धोक्याची रेषाही खाली ओढलेली आहे, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८०. ऑफिसात काट्याशेजारी शिंप्याची टेपही ठेवावी.

बारा आठवडे संपतात, बक्षिसं वाटली जातात. शरीराच्या दृष्टीने गोष्ट तेव्हा कुठे सुरू झालेली असते. मेलबर्नला प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांवर ठेवलं आणि त्यांचं सरासरी साडेतेरा किलो वजन उतरवलं. मग वर्षभर लक्ष ठेवलं. २०११ मध्ये छापलेला निकाल असा, की बासष्टाव्या आठवड्यातही भूक चेतवणारं घ्रेलिन चढलेलं होतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारी लेप्टिनसारखी संप्रेरकं उतरलेली होती. माणसांनाही आधीपेक्षा जास्त भूक लागत होती. वर्ष उलटून गेलं तरी शरीर गेलेली चरबी विसरायला तयार नव्हतं. त्यात हलक्या झालेल्या शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो.

तरी काही लोक टिकतात. रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत अशांची नोंदवही सुरू केली. निदान १३.६ किलो वजन उतरवलेलं आणि निदान वर्षभर न वाढू दिलेलं असेल, तरच त्यात नाव लागतं. दहा हजारांवर नावं झाली आहेत. ही सगळी मंडळी आपणहून पुढे आलेली, तेव्हा त्यांच्यावरून साऱ्या जगाचा नियम काढता येत नाही. पण गंमत अशी, की त्यांची वजनं उतरली नाना तऱ्हांनी. जवळपास निम्म्यांनी एकट्याने उतरवलं, बाकीच्यांनी कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमातून. पुढे टिकवण्याच्या सवयी मात्र एकमेकांशी फार जुळतात. दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि त्यात चालणं सगळ्यात जास्त. चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. किलोभर चढलेलं वेळीच दिसलं तर ते उतरवता येतं, दहा चढल्यावर पुन्हा सुरुवातीपासून सगळं करावं लागतं.

तेव्हा बक्षीस समारंभाचा केक कापून झाल्यावर एचआरने तो काटा उचलून स्टोअररूममध्ये टाकू नये. पुढच्या सोमवारीही तो पँट्रीच्या कोपऱ्यात असू द्यावा, आणि जमल्यास पँट्रीच दोन मजले वर हलवावी.